आठ पानांचा पश्चात्ताप

ज्या कादंबरीबद्दल सांगतेय तिचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की समोरचा माणूस डोळे मिटून त्यातलं आंब्याच्या झाडाचं वाक्य म्हणून दाखवतो, आणि ते वाक्य आता मला ऐकवत नाही. आमच्या पिढीला दहावीच्या पुस्तकात तिच्यातला एक धडा होता. भाऊसाहेब नावाचे सज्जन जमीनदार रस्त्यासाठी तोडला जाणारा आंबा वाचवतात, खोडाला मिठी मारून उभे राहतात, एवढाच. टिटवाळ्याच्या शाळेत आमच्या बाईंनी तो असा काही वाचला होता की मागच्या बाकावरच्या पोरीसुद्धा रडल्या. मीही रडले. पुढे वीस-बावीस वर्षं कुणी आवडतं पुस्तक विचारलं की मी त्या कादंबरीचं नाव सांगत आले. वाचली नव्हती. धडा वाचला होता, आणि धडा म्हणजेच पुस्तक अशी माझी बिनधास्त समजूत होती.

ही समजूत माझ्या एकटीची नव्हती, हे पुढे कळलंच.

आम्ही घोडबंदर रोडला राहतो. कॉम्प्लेक्समध्ये मराठी मंडळ आहे आणि दर मराठी दिनाला मंडळाचं अभिवाचन असतं. म्हणजे पाच-सहा जणांनी एका रंगाचे कपडे घालून क्लबहाउसमध्ये खुर्च्यांवर ओळीने बसायचं, मांडीवर फाइल घ्यायची, आणि एखाद्या पुस्तकातला तासाभराचा भाग आवाज चढवत-उतरवत वाचायचा. मागे कुणाच्या तरी मोबाइलवर तानपुरा. विनीत नावाचे गृहस्थ हे सगळं बसवतात. कॉलेजात एकांकिका केल्या होत्या, तेव्हापासून ते साध्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलतानाही मधे थांबून श्रोत्यांकडे बघतात. यंदा काय वाचायचं यावर मीटिंग झाली तेव्हा मीच ती कादंबरी सुचवली. सगळे एकदम ‘वा, वा’ म्हणाले. सगळ्यांनी वाचलेली होती. विनीतदादांनी तर आंब्याचं वाक्य उभं राहून म्हटलं. तासाभराची संहिता करायचं काम माझ्याकडे आलं, कारण सुचवणाऱ्याच्या गळ्यात काम घालायची मंडळाची पद्धतच आहे.

मीटिंग संपल्यावर ऐश्वर्या मला मिठी मारून म्हणाली, “दर्शना, तू सुचवलंस म्हणून मला इतका आनंद झालाय ना.”

ऐश्वर्या आमच्या समोरच्या फ्लॅटमधली. तिच्याबद्दल आधीच सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं फुकट आहे. आमच्या हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो आहे, तो बघितला की नवी माणसं दोन प्रकारे वागतात. काहींना अचानक काम आठवतं. काही एकदम गरजेपेक्षा जास्त गोड होतात, आणि मला दुसऱ्या प्रकाराचा जास्त राग येतो. ऐश्वर्या पहिल्यांदा आली, फोटोकडे बघितलं, आणि म्हणाली, “तुमच्या पण किचनला दुपारचं ऊन येतं का गं? मी तर करपून निघते.” तेव्हाच मला ती आवडली. मला डेंग्यू झाला तेव्हा माझा नवरा राकेश दौऱ्यावर होता, तर आठवडाभर माझ्या तोंडी पेज तिने घातली. आमच्या घराची जादा चावी तिच्या शू-रॅकवरच्या पितळी वाटीत असते. माहेरचं माणूस सोडून मी आजवर कुणाला घराची चावी दिली नव्हती.

नौपाड्यातल्या वाचनालयातून मी ती कादंबरी आणली. ऑफिस तिथेच जवळ असल्याने जाता-येता बसमध्ये वाचायचं ठरवलं. पहिले काही दिवस मी सुखात होते. भाऊसाहेब मांजरीला दूध पाजतात, आजारी गड्याच्या उशाशी बसतात, बायकोला चोरून लिहायला-वाचायला शिकवतात. घोडबंदरचा ट्रॅफिक मला पहिल्यांदाच कमी वाटायला लागला.

सोळावं प्रकरण मी कापूरबावडीच्या पुढे अडकलेल्या बसमध्ये वाचलं. त्यात दुपार आहे. भाऊसाहेबांचा तान्हा मुलगा ओट्यावर रांगतोय आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही. महारवाड्यातली एक बाई लाकडाची मोळी घेऊन अंगणात आलीय. पोर ओट्याच्या काठाशी येतं, त्याचा तोल जातो, आणि ती मोळी टाकून धावते, त्याला वरच्यावर झेलते. मी बसमध्ये हुश्श केलं, अगदी आवाज करून. तेवढ्यात भाऊसाहेब बाहेर येतात. पोर तिच्या हातात बघतात. आधी पोर खाली ठेवायला लावतात. मग तिच्याच मोळीतलं एक लाकूड उचलतात आणि तिला मारतात. डोक्यात, पाठीत, ती पडल्यावरसुद्धा. पाच ओळी. मग पोराला आत नेऊन अंघोळ घालतात.

मला वाटलं मी काहीतरी चुकीचं वाचलं. मागे जाऊन पुन्हा वाचलं. तेच होतं.

त्यापुढे आठ पानं भाऊसाहेब रडतात. नदीकाठी रडतात, देवघरात रडतात, माडीवर चांदण्यात रडतात. बायको त्यांचं डोकं मांडीवर घेते, केसांतून हात फिरवते आणि म्हणते की तुमचं मन फार हळवं आहे, त्याला इतका त्रास देऊ नका. सतराव्या प्रकरणात त्यांना बरं वाटतं आणि ते तालुक्याला जातात.

दुपारचा डबा वर येतो की काय असं झालं. मारणं तर होतंच, पण लाकूड तिचंच होतं, तिने डोक्यावरून आणलेलं, हे मला सहनच होईना. आणि सगळं त्याच गोड, लयदार भाषेत लिहिलेलं, ज्या भाषेत तो आंबा होता. त्या भाषेवर मी शाळेत रडले होते. मला स्वतःच्या त्या रडण्याचीसुद्धा घाण वाटली. बस हलायला तयार नव्हती, म्हणून मी उतरले आणि मानपाड्यापर्यंत धूर खात चालत गेले. पुस्तक डब्याच्या पिशवीत टाकलं होतं. ते खांद्याला लागत होतं तेही मला नको झालं.

घरी आल्यावर ते मी बेडरूममध्ये नेलं नाही. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनवर ठेवून दिलं.

राकेश वाळलेले कपडे काढायला गेला आणि हातात पुस्तक घेऊन आला. “हे काय, पुस्तक धुवायला टाकलंस?”

“ठेव तिथंच. आत नको आणूस.”

त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि टीव्ही लावला. राकेशला या गोष्टींचं आश्चर्य वाटत नाही. त्याचं आश्चर्य लहानपणीच संपलंय असं तो म्हणतो. मला मात्र दर वेळी नव्याने वाटतं, आणि त्याचा मला वैताग आहे.

रविवारी मी आईकडे टिटवाळ्याला गेले. आई, जाईबाई, कल्याणच्या एका दवाखान्यात आया होती, आता रिटायर झालीय. ती पेपर पसरून मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसून त्या भाऊसाहेबाचा उद्धार करायला सुरुवात केली. लेखकाचा केला, आमच्या दहावीच्या बाईंचा केला, धडा निवडणाऱ्या अनोळखी माणसांचा केला. आई देठं खुडत ऐकत होती. मी दम घ्यायला थांबले तेव्हा तिने विचारलं, “मग, जगली का ती?”

“कोण?”

“ती बाई. लाकडंवाली.”

मी त्या बसमधून उतरल्यापासून दातओठ खात होते, आणि हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. “लिहिलं नाय गं त्यात.”

“एवढं जाड पुस्तक म्हनतेस ना?”

“चारशे पानं आहेत.”

“मग त्यात एवढं पन नाय लिहिलं?” तिने जुडी बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली. मग आम्ही दुसऱ्याच गोष्टी बोललो, मावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन वगैरे. निघताना मी चपला घालत होते तेव्हा ती दारात येऊन म्हणाली, “कुनी पानी तरी दिलं असेल का गं तिला?”

मी रिक्षात बसले आणि तिथून कल्याणपर्यंत रडले. हे रडणं शाळेतल्यासारखं नव्हतं.

मंगळवारी क्लबहाउसमध्ये तालीम होती. मी संहिता नेली नाही, नुसतं पुस्तक नेलं. टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, “ही कादंबरी आपण करायची नाही. मीच सुचवलेली, मीच मागे घेते. सोळावं प्रकरण वाचलंय का कोणी?”

एकीने पाण्याची बाटली उघडली. विनीतदादा म्हणाले, “मी कॉलेजला असताना वाचलेली. सोळावं म्हणजे नक्की कुठलं?”

मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. मारण्याच्या पाच ओळी वाचायला किती कमी वेळ लागतो हे मोठ्याने वाचल्यावर कळतं. मग पानं उलटून रडण्याचा थोडा भाग वाचला.

“असं आहे होय त्यात?” एक जण म्हणाले. “आठवत नाही बुवा.”

“अहो, तो काळच तसा होता.”

“आणि पश्चात्ताप होतो ना त्यांना.”

“आपण तो भाग घ्यायचाच नाही,” कुणीतरी तोडगा काढला. “आंबा घेऊ, मांजर घेऊ. तासभर सहज होतो.”

म्हणजे दहावीच्या पुस्तकाने केलं तेच. मी काही बोलणार तेवढ्यात विनीतदादांनी हात वर केला. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं होतं की मला वाटलं, चला, एकाला तरी कळलं. ते उठले, खिडकीपर्यंत गेले, वळले आणि थांबले.

“नाही,” ते म्हणाले. “हाच भाग घ्यायचा. अरे, काय ताकद आहे यात. एवढा देवमाणूस आणि एका क्षणात पशू. आणि मग तो पश्चात्ताप. पूर्ण काळोख, तानपुरा, आणि माझा एकट्याचा आवाज. लोक हुंदके देतील.”

खोलीत एकदम उत्साह आला. मघाशी ज्यांना काही आठवत नव्हतं ते आता पॉज कुठे घ्यायचा ते सुचवायला लागले. लाकडाचा आवाज कसा काढायचा यावर चर्चा झाली. एकीने टेबलावर पट्टी आपटून दाखवली. मला त्या आवाजाने शिसारी आली. माणसं चांगली होती हो सगळी. यातलीच एक माझ्या वाढदिवसाला केक करून आणते. तीच आता विचारत होती की दोन वेळा आपटू की तीन.

“फक्त त्या बाईचं काय?” विनीतदादा म्हणाले. “तिला वाक्य नाहीये. एक किंकाळी हवी.”

आणि माझ्या शेजारी बसलेली ऐश्वर्या म्हणाली, “ते दर्शनाच करेल ना. तिच्या आवाजात ते आपोआप येईल.”

मला खरंच कळलं नाही. मी विचारलं, “का?”

“अगं म्हणजे...” तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मी ओळखत होते. डेंग्यूत पाठीवरून फिरला होता तोच. “तुमच्या लोकांनी सोसलंय ना गं ते. आम्ही कुणी केलं तर खोटं वाटेल.”

ती हे प्रेमाने म्हणाली. त्यात एक टक्कासुद्धा कुचकेपणा नव्हता. असता तर मी तिला तिथल्या तिथे सुनावलं असतं, माझं तोंड काही कमी नाही. पण त्या प्रेमाला काय उत्तर द्यायचं हे मला सुचेना. चार वर्षं दुपारच्या उन्हाबद्दल बोलणारी माझी मैत्रीण, आणि तिच्या डोक्यात मी इतके दिवस कुठे उभी होते ते मला दिसलं. अंगणात, ओट्याच्या खाली.

तिचा हात मी खांद्यावरून काढला. पुस्तक तिथेच टेबलावर ठेवून लिफ्टने वर आले. घरात शिरल्यावर आधी खांदा धुतला. मला माहितीये हे वेडेपणाचं आहे. पण धुतला.

“काय झालं?” राकेशने विचारलं. मी सांगितलं. या वेळी त्याने टीव्ही बंद केला. मला त्याने “मी सांगितलेलं” म्हणायला हवं होतं, म्हणजे मी त्याच्याशी भांडले असते.

पुढचे काही दिवस मी ऐश्वर्याला टाळलं. समोरासमोर दारं असताना टाळणं म्हणजे कामच असतं. तिच्या दाराचा आवाज ऐकून मग बाहेर पडायचं, लिफ्ट सोडून जिना उतरायचा. तिचे मेसेज आले. आधी नुसती फुलं आणि हृदयं, मग ‘काही चुकलं का गं माझं’, मग ‘बोल ना’. मंडळाच्या ग्रुपवर विनीतदादांनी जाहीर केलं की वाद नकोत म्हणून यंदा विनोदी वेचे वाचले जातील. त्याखाली हात जोडलेले बरेच होते. प्रकरण मिटलं. मला कुणी काही विचारलं नाही, आणि टेबलावर राहिलेल्या पुस्तकासाठी वाचनालयातून फोन आला तेव्हा ते कुठे आहे हे मलाच माहीत नव्हतं.

ते ऐश्वर्याकडे होतं. शनिवारी संध्याकाळी बेल वाजली. ती दारात उभी, पुस्तक छातीशी धरलेलं, डोळे सुजलेले. तिच्याकडे चावी आहे, पण तिने बेल वाजवली, एवढं माझ्या लक्षात आलं.

“मी वाचलं,” ती म्हणाली. “ते प्रकरण. पूर्ण. दोनदा.”

मी बाजूला झाले. ती सोफ्यावर बसली आणि रडायलाच लागली. ओढणी तोंडावर धरून, पोटातून. “मी असं कसं बोलले गं तुला. मला झोप नाही आलीये. जेवण जात नाही. मला माझीच किळस येते. मी तशी नाहीये गं, दर्शना. तुला माहितीये ना, मी तशी नाहीये. आमच्या घरात असलं कधीच... माझ्या बाबांनी तर कामवाल्या बाईंनासुद्धा कायम अहो-जाहो केलं.”

माझा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला बोलू. तिने वाचलं होतं, ती आली होती, तिला घाण वाटली होती. मला हेच हवं होतं, कुणाला तरी माझ्याइतकी घाण वाटायला हवी होती. मी आत जाऊन चहा टाकला. आलं किसताना माझे हात हलके झाले होते. तिला लागते तशी कमी साखर घातली. कप तिच्यासमोर टीपॉयवर ठेवला आणि तिच्याजवळ बसले.

“मी फार हळवी आहे गं,” ती हुंदके देत म्हणाली. “मला असलं काही सहनच होत नाही.” आणि तिने डोकं माझ्या खांद्यावर टाकलं.

मी तिच्या केसांतून हात फिरवला. “असू दे,” म्हणाले. “एवढा त्रास नको करून घेऊस.”

माझा हात तिच्या केसांत तसाच थांबला. हे वाक्य माझं नव्हतं. ते मी कापूरबावडीला, अडकलेल्या बसमध्ये वाचलं होतं. समोर टीपॉयवर ते पुस्तक पडलं होतं आणि माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर, ती आठ पानं चालू होती. चहासुद्धा मीच केला होता.

 

तरी मी हात लगेच काढला नाही. एकदा विचारावं असं वाटलं. तिने बरोबर उत्तर द्यावं म्हणून मी मनातून किती गयावया करत होते ते माझं मला माहीत.

“ऐश्वर्या,” मी म्हटलं, “जगली असेल का गं ती?”

तिने मान वर केली. नाक पुसलं. लाल, ओल्या, खऱ्याखुऱ्या दुःखी डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

“कोण?” ती म्हणाली.

मी उठून उभी राहिले. चहावर साय धरली होती. पुस्तक उचलून मी माझ्या ऑफिसच्या बॅगेत टाकलं, सोमवारी परत करायला.

“कोण गं?” तिने पुन्हा विचारलं.

“चहा पिऊन घे,” मी म्हटलं. “आणि आमची चावी तेवढी आणून दे.”